पाच दिवसांसाठी बंद केलेली गोळी

"डॉक्टरसाहेब, हिच्या छातीतलं घड्याळ परवापासून ऐकूच येईना बघा," सासूबाई म्हणाल्या. रात्री त्या सुनेशेजारी झोपायच्या, त्यामुळे कृत्रिम झडपेची टिकटिक त्यांच्या कानांच्या सवयीची होती. इतकं नेमकं निदान सांगणारं नातेवाईक आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मला क्वचितच भेटलं आहे.

सून तिशीतली. तिला आडवं होता येत नव्हतं, दोन शब्द बोलली की धाप लागायची. फुप्फुसांत पाणी झालं होतं. स्टेथोस्कोपने ऐकलं तर झडप मिटतानाचा खणखणीत आवाज गायब. एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मायट्रल झडपेच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या, तिच्या बाबतीत कृत्रिम) दोन पाकळ्यांपैकी एक जागची हलत नव्हती. झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात सरासरी पाऱ्याच्या १८ मिमीचा फरक होता. तो ५ च्या आसपास असायला हवा. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, १.१ आला. अशा झडपेच्या रुग्णाचा तो २.५ ते ३.५ ठेवावा लागतो. म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी तिच्या पोटात जातच नव्हती.

"गोळी? ती दाढ काढायची म्हणून बंद करायला सांगितली होती," नवरा म्हणाला. त्याने पिशवीतून चिठ्ठी काढली: वॉरफरिन पाच दिवस बंद. दाढ काढून तीन आठवडे उलटले होते. परत कधी सुरू करायची ते चिठ्ठीवर नव्हतं, आणि बंद झालेली गोळी बंदच ठेवायची असते असं घरच्यांनी धरलं.

या चिठ्ठीचा मला आजही राग येतो. आयएनआर योग्य पातळीत असेल तर एखादी दाढ काढायला वॉरफरिन सहसा थांबवावीच लागत नाही. हिरडीतून रक्त आलं तर ते दिसतं, बोळा दाबून धरता येतो, टाका घालता येतो. झडपेवर धरणारी गुठळी मात्र पाकळी अडकेपर्यंत कुणाला कळत नाही.

पुन्हा ऑपरेशन करायचं तर पुणे गाठायला हवं होतं, आणि त्या अवस्थेत एवढा प्रवास तिला झेपला नसता. दुसरा मार्ग गुठळी औषधाने विरघळवण्याचा. त्यात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, किंवा गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत जाऊन अर्धांगवायू होऊ शकतो. हे मी नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोललो आणि स्ट्रेप्टोकायनेज सुरू केलं: पहिल्या अर्ध्या तासात अडीच लाख युनिट, मग तासाला एक लाख.

हे औषध स्ट्रेप्टोकोकस जंतूंपासून मिळतं. तिची मूळ झडप लहानपणी ज्या संधिवाताच्या तापाने खराब केली, तोही याच कुळातल्या जंतूने घसा धरल्यावर येतो. घसादुखी, मग सुजलेले सांधे, आणि पुढे कित्येक वर्षांनी आखडलेली झडप. ज्या मुलांना हा ताप येऊन गेलाय त्यांना दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यायचं ते एवढ्यासाठी. ती इंजेक्शनं चुकतात तेव्हा माझा जीव तुटतो.

रात्रभर आम्ही हात-पाय हलवून घेत होतो, नाव विचारत होतो, लघवीचा रंग बघत होतो. पहाटेच्या एकोत पाकळी अर्धवट उघडू लागली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही पाकळ्या मोकळ्या झाल्या, दाबातला फरक ६ वर आला. मी सासूबाईंना आत बोलावलं. त्यांनी सुनेच्या छातीला कान लावला आणि मान डोलावली.

मग लगेच रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनचं सलाईन आणि जोडीला वॉरफरिन, कारण वॉरफरिनचा पूर्ण असर व्हायला चार-पाच दिवस जातात. घरी जायच्या आधी तिने विचारलं, पालक-मेथी आता कायमची सोडायची का? शेतात तीच पिकते. मी म्हटलं, खा, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच. या भाज्यांतलं के जीवनसत्त्व वॉरफरिनच्या विरुद्ध काम करतं. कधी भरपूर, कधी काहीच नाही असं झालं की आयएनआर वरखाली होतो. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर घ्यायची नाही, हेही सांगितलं. आणि तिच्या कार्डावर लाल पेनाने लिहिलं: कुणीही ही गोळी थांबवली, तर परत सुरू करायची तारीख त्यांच्याकडूनच लिहून घ्या.