हायवे ४९ संपतो तिथे

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जॅक्सनहून हायवे ४९ धरला की दोन्ही बाजूंना नुसती पाइनची झाडं. मैलाचे आकडे मोजत बसायचं, बाकी काही नाही. अमेरिकन कवयित्री नताशा ट्रेथवेच्या एका कवितेत हाच रस्ता थेट समुद्रकाठच्या गल्फपोर्टच्या धक्क्यावर जाऊन संपतो. आम्हीही तसेच गेलो.

समुद्र बघून खरं तर हिरमोड झाला. पुढ्यात बेटांची रांग, त्यामुळे लाटाच नाहीत. पाणी गढूळ, तळ्यासारखं. पांढरी वाळूसुद्धा माणसांनी आणून ओतलेली, तब्बल २६ मैल.

नताशा इथलीच. जन्म २६ एप्रिल १९६६, आणि गंमत बघा, नेमका त्याच दिवशी अमेरिकन यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेच्या बंडखोर सैनिकांचा स्मरणदिन. आई कृष्णवर्णीय, वडील कॅनडाचे गोरे. मिसिसिपीत असं लग्न म्हणजे गुन्हा, म्हणून १९६५ साली दोघांनी ओहायोत जाऊन केलं. सर्वोच्च न्यायालयाने असले कायदे मोडीत काढले १९६७ मध्ये. तोवर पोरगी चालायलाही लागली असेल. आजीच्या घरासमोर एका रात्री क्रॉस पेटवला गेला, म्हणजे गोऱ्या वंशवाद्यांची धमकीच, तोही तिच्या कवितेत आहे.

वडील स्वतः कवी. लांबच्या प्रवासात लेक कंटाळली की म्हणायचे, त्यावरच कविता लिही. पण तिला लिहायला लावलं ते आईच्या मरणाने. १९८५ साली अटलांटात सावत्र बापाने आईचा खून केला. नताशा तेव्हा १९ वर्षांची.

धक्क्यावरून शिप आयलंडला बोटीने तासभर लागतो. तिथे विटांचा अर्धगोल किल्ला आहे. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि कमानीखाली मात्र भिंतीला हात लावला तर गार, ओलसर, बोटांना विटेची लाल भुकटी. यादवी युद्धात १८६३ पासून इथे लुइझियाना नेटिव्ह गार्ड्स ही उत्तरेच्या बाजूने लढणाऱ्या काळ्या सैनिकांची पलटण होती. कालपरवापर्यंत गुलाम असलेली माणसं दक्षिणेच्या गोऱ्या बंडखोर कैद्यांवर पहारा देत होती! नताशा लहानपणापासून या बेटावर यायची, पण हे तिला कळलं ते मोठेपणी, एका हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या बाईकडून. कैद्यांच्या नावांची पाटी होती, पहारेकऱ्यांची नव्हती. आणि गल्फपोर्टला तिच्या आईच्या कबरीवरही कित्येक वर्षं दगड नव्हता. ‘नेटिव्ह गार्ड’ या संग्रहात ही दोन्ही दुःखं शेजारी शेजारी ठेवलीत. त्याला २००७ चं पुलित्झर मिळालं.

हायवेच्या त्या कवितेत बोटीत चढताना कुणीतरी प्रवाशाचा फोटो काढतं, आणि परतल्यावर तो फोटो वाट बघत असतो. आमचा कुणी काढला नाही. परतलो तेव्हा धक्क्याच्या खांबावर एक पेलिकन पंख वाळवत बसला होता.