काकवीचं पिंप आणि ७१ ची फियाट : उजवी बाजू उभी राहिली

काल रात्री साडेअकराला उजव्या बाजूचा वेल्डिंगचा शेवटचा टाका मारला. दरवाजाखालची पेटी, तिच्या आतला पत्रा आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ, तिन्ही आता नव्या पत्र्याचे आहेत. चार महिने ह्याच एका बाजूवर गेले म्हणून कुणाला वाटेल काम रेंगाळलंय, पण आज खाली वाकून बघितलं तर गाडी परत गाडीसारखी दिसायला लागलीय, म्हणून बसलोय लिहायला.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. गाडी फियाट ११०० डिलाइट, १९७१ ची. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका बंद पडलेल्या भात गिरणीच्या शेडमध्ये उभी होती, वर निम्मी कौलं फुटलेली. खानापूरचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. आरसी बुकावर राज्याचं नाव 'मैसूर' आहे, कारण कर्नाटक हे नाव १९७३ च्या नोव्हेंबरात आलं, आणि ते पिवळं पडलेलं बुक हातात घेतलं तेव्हाच मी ठरवलं की ही गाडी घ्यायचीच. ट्रॉलीवर घालून बेळगावात वडगावला घरी आणली. आमच्या गल्लीत दोन्हीकडे माग चालतात, खटखट खटखट दिवसरात्र, त्यामुळं ग्राइंडरच्या आवाजाची तक्रार आजपर्यंत कुणी केलेली नाही.

पहिला महिना मी काहीच कापलं नाही, फक्त गंज शोधला. हे मी फार मनापासून सांगतोय. बहुतेक जण गाडी आणली की आधी रंग खरवडतात आणि इंजिन चालू करायच्या मागं लागतात, मला पण मोह झाला होता, पण ही गाडी मोनोकॉक आहे, म्हणजे खाली वेगळी चासी, म्हणजे सांगाडा, नाही, बॉडी हीच चासी. जीपसारखं नाही की बॉडी उचलून ठेवली आणि खालचं काम केलं. दरवाजाखालची पेटी ही ह्या गाडीची बरगडी आहे, ती सडली की गाडी मधून वाकते, आणि वाकलेल्या गाडीला कितीही भारी रंग दिला तरी दरवाजे लागत नाहीत. म्हणून एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळला आणि रोज संध्याकाळी पतसंस्थेतून आलो की एकेक वीत फिरवत बसायचो. चुंबक जिथं धरत नाही तिथं लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली, तिथं खडूनं फुली. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकायचं, टणटण वाजलं तर पत्रा, बद्द वाजलं तर फुली. महिनाअखेर गाडीवर त्रेचाळीस फुल्या होत्या.

उजव्या मागच्या चाकाच्या वरची फुली उकरली तेव्हा मात्र मी हात पुसून पायरीवर बसलो. पूर्वी कुणीतरी कुठल्याशा गॅरेजात काम करून घेतलेलं, तिथं सडका पत्रा कापलाच नव्हता, वर बारीक तारेची जाळी ठेवून लांबी थापलेली. छिन्नीनं काढली तर अख्खी वडी निघाली, जाडी कॅलिपरनं मोजली तर नऊ मिलिमीटर. आईच्या वजनकाट्यावर ठेवली, सव्वा किलो! आणि त्या वडीच्या पाठीला गंजाचा पापुद्रा चिकटलेला, थरावर थर, खारीच्या बिस्किटासारखा. लांबी पाणी धरून ठेवते आणि आतला पत्रा बाहेरून कुणाला न कळता मरत जातो. ज्यानं कुणी ते केलं त्याचा मला राग आहे, अजून आहे. तासभराचं वेल्डिंग वाचवायला त्यानं गाडीचा अख्खा कोपरा घालवला.

गंज म्हणजे नुसता रंग बदलणं नाही. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, त्यामुळं दोन पत्र्यांचा जोड असेल तिथं तो आतून फुगून जोडच उसवतो. पेटीच्या खाली पाणी जायला भोकं असतात, दरवाजांच्या तळाला पण असतात. माती-पाल्यानं ती बुजली की पेटीत तळं साचतं. माझ्या गाडीत आठपैकी सात बुजली होती आणि जे एक उघडं होतं त्याच्या आसपासचा पत्रा आजही ठणठणीत आहे. तुमच्याकडं कुठलीही जुनी गाडी असेल, चालू असेल तरी, आज तार घेऊन ती भोकं मोकळी करा. एक पैसा लागत नाही.

आता काकवी. मागच्या वेळी मी काकवीत पार्ट बुडवून गंज काढतो असा नुसता उल्लेख केला तर बऱ्याच जणांनी विचारलं की हे खरंय का. खरंय. बाहेरच्या देशात जुन्या गाड्यावाले मोलॅसिसमध्ये गंजके पार्ट बुडवतात, एक भाग मोलॅसिस, नऊ भाग पाणी. मोलॅसिस म्हणजे साखर कारखान्यातली मळी, पण ती अशी सुटी घ्यायला गेलं तर कागदपत्रांची भानगड, मग मी म्हटलं आपण उसाच्या पट्ट्यात राहतो, गुऱ्हाळावर बघूया. चिकोडीकडच्या एका गुऱ्हाळावर डिसेंबरात गेलो, काहिलीत रस उकळत होता, भेंडीचं चिकट पाणी टाकून वर आलेला मळ झाऱ्यानं काढत होते. गुळवे मामांना म्हटलं खायची काकवी नको, जळकी नाहीतर आंबलेली असेल ती द्या, लोखंड धुवायचंय. ते दोन मिनिटं माझ्याकडंच बघत राहिले, मग म्हणाले, "लोकंडाला काकवी पाजालाय व्हय?" आणि मागच्या खोलीतनं एक डबा काढून दिला, अठरा लिटर निघाली, पैसे पण निम्मेच घेतले.

दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप, त्यात ती अठरा लिटर आणि एकशे साठ लिटर पाणी. आधी पार्टचा रंग आणि ग्रीस काढून घ्यायचं, कारण काकवी रंगाला आणि ग्रीसला हात लावत नाही, फक्त गंज सोडवते. त्यातली आम्लासारखी द्रव्यं गंजातल्या लोखंडाला धरतात आणि पाण्यात ओढून घेतात, चांगलं लोखंड जवळपास तसंच राहतं. बिजागऱ्या, बॉनेटचं कुलूप, सीटचे रूळ, ब्रेकचे ड्रम, बॅटरीचा ट्रे असं सगळं तारेला बांधून सोडलं. चौथ्या दिवशी वर फेस, आठव्या दिवशी ताडीसारखा वास, आणि शेजारच्या काकू भिंतीवरून, "काय शिजवालाय ओ दादा, मुंग्या आमच्या न्हाणीपतोर आल्यात." पिंपाच्या बुडाशी हळद आणि राखेची रेघ मारली, वर गोणपाट बांधलं, मुंग्या थांबल्या.

तेराव्या दिवशी पहिली बिजागरी बाहेर काढली तो क्षण सांगतो. वर काळा चिकट लेप होता, नळाखाली धरून नायलॉनच्या ब्रशनं दोनदा घासलं आणि खालून करडं लोखंड निघालं, अगदी ओतीव कामाच्या रेघांसकट, पिनच्या बाजूला कारखान्यात ठोकलेला एक छोटा आकडा सुद्धा वाचता येत होता जो मला त्यात आहे हेच माहीत नव्हतं. वायर ब्रशनं हे कधीच आलं नसतं, तो गंजाबरोबर कडा पण खातो. पण एक लक्षात ठेवा, धुतल्यावर लगेच फडक्यानं पुसून उन्हात वाळवून तासाभरात प्रायमर मारायचा. मी पहिल्या दिवशी जेवायला गेलो आणि आलो तर त्यावर परत केशरी झाक चढलेली.

आणि एक चूक, ती तुम्ही करू नका. दरवाजाचा बाहेरचा हँडल मी त्याच पिंपात टाकला. तो लोखंडाचा नाही, जस्ताच्या मिश्रधातूचा ओतलेला असतो, वर क्रोम. आठवड्यानं काढला तर क्रोम फुगलेलं आणि खालचा धातू वाळवी लागल्यासारखा. काकवी जस्त आणि अल्युमिनियम खाते. ह्या इंजिनचं हेड अल्युमिनियमचं आहे, कार्ब्युरेटरची बॉडी पण लोखंडाची नाही, असलं काही चुकून सुद्धा बुडवू नका. तसला हँडल शेवटी कुर्ल्याच्या भंगारातून आला. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून कायमच्या गेल्या, त्याच गाडीच्या वंशातल्या, त्यामुळं पार्ट अजून मिळतात, पण दरवर्षी कमी होत जाणार, म्हणून लागणारे काच-रबर आणि ग्रीलच्या पट्ट्या मी आताच उचलून ठेवल्यात.

पत्र्याचं काम. इथं मला शिकवलं ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून रिटायर झालेल्या एका वेल्डर मिस्त्रींनी. ते घरी कन्नड बोलतात, माझ्याशी निम्मं मराठी निम्मं कन्नड. पहिल्या रविवारी मी जोशात २० गेजच्या (गेज म्हणजे जाडीचा आकडा, आकडा मोठा तेवढा पत्रा पातळ) पत्र्याचा तुकडा लावून एका दमात वेल्ड ओढला आणि डोळ्यांदेखत पत्रा पापडासारखा वर आला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "सावकाश माड्री." माड्री म्हणजे करा, आणि सावकाश हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, त्यामुळं समजायला वेळ लागला नाही. एक टाका इथं, एक टाका तिकडच्या टोकाला, मग मधे, हात लावून बघायचं, चटका बसला की थांबायचं. एका वीतभर जोडाला चाळीस मिनिटं. मी म्हणतो लागू देत.

कापायच्या आधी दरवाजाच्या चौकटीत चौकोनी पाइप आडवे-तिरके टॅक करून घेतले, नाहीतर पेटी कापली की गाडी मधून बसते. एका वेळी एकच बाजू, आणि गाडी चार स्टँडवर, पाणसळ लावून सगळीकडं सारखी. पेटीला १८ गेज म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर, तळाला २० गेज. दोन पत्रे एकावर एक येतात तिथं आधी झिंक प्रायमर, कारण वेल्ड झाल्यावर त्या फटीत ब्रश जात नाही आणि गंज बरोबर तिथनंच परत सुरू होतो. बाहेरून इपॉक्सी प्रायमर, जोडावर सीलर. आणि पेटीच्या आत भोकातून नळी घालून मेण फवारणार आहे, ते पुढच्या आठवड्यात.

इंजिनचं थोडक्यात. १०८९ सीसी, जाम होतं. चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरचं तेल ओतून अकरा दिवस ठेवलं, रोज क्रँकच्या नटावर पाना लावून नुसता थोडा भार द्यायचा, जोर नाही. अकराव्या दिवशी अंगठ्याएवढं हललं. आता खोललंय, बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मूळ ६८ मिलिमीटरचा, वरच्या बाजूला झीज आहे, उद्यमबागेत बोअरिंग आणि ओव्हरसाइज पिस्टन होईल. काही जणांनी सांगितलं की जपानी डिझेल इंजिन बसव, पूर्वी पुष्कळ फियाटींना बसवलेत. मी नाही बसवणार. ही गाडी ह्याच इंजिनच्या आवाजावर ओळखली जायची, स्टिअरिंगवरचा गिअर आणि हा आवाज, बाकी राहिलं काय? शिवाय २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणं पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नवीन नोंदणीला वीस हजार रुपये आणि ती दहा वर्षं चालते, पण अट अशी की बॉडी, चासी, इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढंच. मला तेवढं पुरे.

वळीव यायच्या आत डावी बाजू उघडायची होती, ते काही जमणार नाही असं दिसतंय. परवा दुपारी ढग आले, वारा सुटला, मी आणि धाकटा मुलगा ताडपत्री ओढत होतो आणि पहिले थेंब पडले ते नव्या प्रायमरवर मण्यांसारखे उभे राहिले, घरंगळून भोकातून खाली गेले. तो खाली वाकून बघत होता, म्हणाला, "बाबा, आता पाणी जातंय की."

आज सकाळी आडवे पाइप कापून काढले आणि उजवे दोन्ही दरवाजे टांगले. पुढचा एका बोटानं लागतो. मागच्याची फट वर पाच मिलिमीटर, खाली सात, बिजागरीत एक पातळ चकती घातली की येईल. डाव्या बाजूच्या फुल्या परत मोजल्या, एकोणीस. गुऱ्हाळं बंद झालीत, पण पिंपात अजून निम्मी काकवी आहे आणि डाव्या बिजागऱ्या आजच बुडवल्यात. डाव्या मागच्या तिकोनी काचेचं रबर मला अजून मिळालेलं नाही, कोल्हापूर-हुबळीकडं कुणाकडं असेल तर कळवा, फाटकं असलं तरी चालेल, मापाला पाहिजे.