टेन्शनची देवाणघेवाण
टेन्शन हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की ते येते, जाते, वाढते, कुणी ते घेतो, कुणी देतो, आणि एखादा माणूस तर चालतेबोलते टेन्शनच असतो. मुळात मात्र त्याचा अर्थ ओढ किंवा ताण एवढाच, आणि त्या अर्थाने ते मुळीच वाईट नव्हे. शिलाई यंत्रात वरचा दोरा दोन लहान चकत्यांमधून जातो आणि स्प्रिंग त्या चकत्यांना दाबून धरते. हा दाब कमी पडला तर कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याची वेटोळी लोंबू लागतात, जास्त झाला तर कापडाला चुण्या पडतात किंवा दोराच तुटतो; नेमका जमला तर वरच्या आणि खालच्या दोऱ्याची अढी कापडाच्या पोटात दडून बसते. ‘टेन्शन बिघडले’ असे तिथे म्हणतात, तेव्हा ते नको असते असे नव्हे, तर नीट लावायचे राहिलेले असते.

‘हाय टेन्शन’ तारांमधले टेन्शन मात्र तारेच्या ओढीचे नसून विजेच्या दाबाचे असते. हायपरटेन्शन या शब्दाने तर फारच घोळ केला आहे. रक्तदाब वारंवार 140/90 च्या वर भरू लागला की डॉक्टर हे नाव घेतात, आणि ‘मला कसलेच टेन्शन नाही, मग हे कुठून आले?’ असे रुग्ण प्रामाणिकपणे विचारतो. वास्तविक तिथे प्रश्न रक्तवाहिन्यांतील दाबाचा असतो आणि तो अगदी निवांत माणसाचाही वाढलेला असू शकतो.

मनाच्या बाबतीत या शब्दाने जरा अतिक्रमणच केले आहे, असे मला वाटते. निकालाआधीची धाकधूक, पैशांची विवंचना, घरी न परतलेल्या मुलाचा घोर, वरिष्ठांची धास्ती या सगळ्यांच्या जागी आता एकटे टेन्शन बसते. अर्थात त्याची एक सोय आहे, ती नाकारता येणार नाही: ‘मला भीती वाटते’ हे ज्याच्या तोंडून मरेपर्यंत निघणार नाही, तोही ‘जरा टेन्शन आहे’ असे सहज सांगून जातो, आणि ऐकणाराही कसले, ते खोदून विचारत नाही. गंमत क्रियापदाची आहे. काळजी घ्यायची असते आणि टेन्शन घ्यायचे नसते; आणि हे दोन्ही सल्ले बहुधा एकच माणूस, एकाच फोनवर, एका दमात देतो.