गहाळ पानाचा पत्रांक

जर्मनीतील फ्रायबुर्गजवळ मी ज्या घरात भाड्याने राहतो, तेथील घरमालकीण आजींच्या दिवाणखान्यात चर्मपत्राचे एक जुने पान चौकटीत लावलेले आहे. चार तांबड्या रेषांवर चौकोनी स्वरचिन्हे, त्यांखाली लॅटिन शब्द आणि माथ्यावर तांबड्याच शाईत रोमन १४७ हा पत्रांक, म्हणजे पानाचा क्रमांक. हे पान कोणत्या पोथीतले, हे शोधून देण्याचे मी उत्साहाच्या भरात कबूल केले आणि पुढचे नऊ महिने ते निस्तरत बसलो.

पानाच्या पाठीवर कोणीतरी पेन्सिलीने ‘बोलोन्या’ असे लिहून ठेवले होते. त्याचे कारण उघड होते, कारण पानाची सुरुवातच ‘प्लाउदे बोनोनिया’, म्हणजे ‘बोलोन्या, टाळ्या वाजव’, अशी होते. शाळेत पाठ केलेल्या संस्कृत विभक्त्यांमुळे हे संबोधन आहे एवढे मला कळले. मध्ययुगीन लॅटिन गायनाच्या ‘कान्तुस’ या संगणकीय सूचीत शोधल्यावर पूर्ण पदही मिळाले: ‘गाउदे फेलिक्स पारेन्स हिस्पानिया’. संत डोमिनिक यांच्या सणाचे हे पद त्यांची जन्मभूमी स्पेन हिला आनंद करावयास सांगते आणि ते १२२१ मध्ये जेथे वारले त्या इटलीतील बोलोन्याला त्याहून अधिक. म्हणजे बोलोन्या हा पदाचा विषय आहे, पानाचे गाव नव्हे. (तुमचे पान पदाच्या मधूनच सुरू होत असेल, तर आरंभीच्या शब्दांऐवजी पूर्ण संहितेत शोधावे, आणि लिपिकार, उदाहरणार्थ, ‘नोवाए’च्या जागी ‘नोवे’ लिहितात हे ध्यानात ठेवून दोन्ही रूपे तपासावीत.)

डोमिनिक यांना संतपद १२३४ मध्ये मिळाले, तेव्हा पान त्यानंतरचे हे ठरले. परंतु स्थळ ठरेना. एरवी पदांचा क्रम आणि पाठभेद यांवरून प्रदेश ओळखता येतो. डोमिनिक यांनी स्थापलेल्या डोमिनिकन संघाने मात्र १२५६ मध्ये संघप्रमुख हंबर्ट ऑफ रोमान्स यांच्या देखरेखीखाली सर्व मठांसाठी एकच प्रमाण पाठ ठरवला, आणि त्याची आदर्श प्रत आजही रोममध्ये सांता साबिना या संघाच्या मठात आहे. साऱ्या मठांनी तेच गायचे ठरल्यावर शब्दांवरून गाव कसे सांगणार? उरला एकच मार्ग: ज्या पोथीतून हे पान निघाले, ती पोथीच गाठणे.

एका छापील सूचीत दक्षिण जर्मनीतील एका ग्रंथालयाच्या डोमिनिकन पोथीचे वर्णन मिळाले. प्रत्येक पृष्ठावरील स्वरपट्ट्यांची संख्या आणि लिखित भागाची मापे आमच्या पानाशी जुळत होती, शिवाय बरीच पाने गहाळ असल्याची नोंद होती. (मोजताना लिखित भागच मोजावा, कडा बांधणीच्या वेळी छाटलेल्या असतात.)

येथून त्या ग्रंथालयाचा अर्ज सुरू झाला, ज्याचा राग अजून गेलेला नाही. वाचनकक्षात पोथी पाहायची तर संशोधनसंस्थेचे पत्र हवे, आणि मी पडलो संगणकाची नोकरी करणारा. छायाचित्रे मागवायची तर ‘इच्छित पत्रांक’ हा रकाना सक्तीचा होता. मी १४६ची पाठ (मागची बाजू) आणि १४८चे पोट (पुढची बाजू) मागितले, शुल्क भरले आणि १४७वे पान आमच्याकडे असावे, असे शेरा म्हणून लिहिले. सहा आठवड्यांनी आली ती मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाची दोन पाने. विचारणा केल्यावर उत्तर मिळाले की पत्रांक नेहमी पेन्सिलीचा धरला जातो. पाने गहाळ झाल्यानंतर कोणा ग्रंथपालाने उरलेल्या पानांना सलग नवे आकडे दिले होते, आणि ते तांबड्या आकड्यांच्या कितीतरी मागे पडलेले होते. मग तांबड्या १४६चा पेन्सिलीचा आकडा कोणता, असे मी विचारले. तो पोथी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि पोथी पाहण्याचे काम छायाचित्र विभागाचे नाही, असे कळवण्यात आले. दुसऱ्या अर्जात मी अंदाजाने आकडा घातला. पुन्हा शुल्क, पुन्हा पाच आठवडे, पुन्हा भलताच सण. आजी रोज चहाच्या वेळी ‘काही आले का?’ असे विचारीत, आणि मला चहाच नकोसा झाला.

जे सुचायला हवे होते ते तिसऱ्या अर्जाच्या वेळी सुचले. आमचे पान ‘प्लाउदे बोनोनिया’ने सुरू होते, तर आधीच्या पानाची पाठ पूर्ण पदात त्याआधी येणाऱ्या ‘सेद तू मागिस’ (‘पण तू अधिक’) या शब्दांवरच संपली पाहिजे. मी आकड्याच्या रकान्यात हे तीन शब्द लिहिले. आठव्या दिवशी छायाचित्रे आली. तेव्हा, आकडा मागितला तरी शब्द द्यावेत. आकडे दोन असू शकतात.

पेन्सिलीच्या १३५व्या पानाची पाठ खरोखर ‘सेद तू मागिस’वर थांबते, आणि शेवटच्या पट्टीच्या टोकाला ‘कुस्तोस’, म्हणजे पुढचा स्वर कोणता हे सांगणारी छोटी खूण आहे. ती आमच्या पानावरील पहिल्या स्वराच्याच रेषेवर बसते. पेन्सिलीचे १३६ म्हणजे तांबडे १४८. पोथीच्या शेवटी ऱ्हाइनकाठच्या एका डोमिनिकन भगिनीमठाची मालकीनोंद आहे, आणि तो मठ आजींच्या घरापासून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर होता. आजींनी चौकट उतरवली, मागचे ‘बोलोन्या’ पुन्हा एकदा वाचले आणि ते खोडू नकोस, असे मला बजावले.

आमच्या पानाची नोंद सूचीत व्हावी म्हणून ग्रंथालयाने आता नवा अर्ज पाठवला आहे. त्यात पेन्सिलीचा पत्रांक भरणे सक्तीचे आहे.