ओलीच्या नोंदी : निपाणीची काळी, खानापूरची तांबडी

या खेपेला सांगण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. घरी बनवलेला ओढमापक, म्हणजे माती पाण्याला किती जोराने ओढून धरते ते मोजणारं यंत्र (टेन्शिओमीटर), रानात नीट चालायला लागला, आणि काचेच्या नळीत काळ्या मातीखाली जाड वाळू भरून पाहिली. नळीत जे दिसलं त्याने मी थक्क झालो, म्हणून आधी तेच.

खाली नदीची जाड, धुऊन वाळवलेली वाळू. तिच्यावर निपाणीकडची काळी माती, चाळून, हलक्या हाताने दाबून. वरून थेंब थेंब पाणी. ओलीची गडद रेघ काळीतून सावकाश उतरली, वाळूच्या माथ्याशी आली आणि थांबली. खाली सगळी मोकळी जागा, तरी पाणी उतरेना! वरून पाणी देत राहिलो तशी वाळूलगतची काळी आणखी गडद झाली, मग काचेआड चकाकायला लागली. त्यानंतर कुठे एका जागी बोटाएवढी धार वाळूत सुटली. शेजारची वाळू तेव्हाही कोरडी ठाक.

काळीतली छिद्रं अतिशय बारीक, त्यामुळे पाण्यावरची तिची ओढ जबर. जाड वाळूला ती ओढ जवळपास नाहीच. वरचा थर चिंब होऊन त्याची ओढ शून्याशी येते, तेव्हाच तो पाणी खाली सोडतो. १९०७ साली अमेरिकेत एडगर बकिंगहॅमने ही ओढ ऊर्जेच्या हिशेबात मांडली. मातीत ओल किती आहे यावर पाण्याची वाट ठरत नाही, ओढ आणि गुरुत्व मिळून ती ठरवतात. म्हणून कुंडीच्या तळाला खडी घालायची पद्धत मी सोडली. निचरा वाढत नाही, उलट खडीवरची माती जास्त वेळ चिंब राहते आणि मुळं कुजतात.

आता ओढमापक. पाण्याच्या फिल्टरची सच्छिद्र कॅन्डल, पीव्हीसीची नळी, वर रबरी बूच आणि व्हॅक्यूम गेज. कॅन्डल मातीत रोवली की माती नळीतलं पाणी ओढते, आणि ती ओढ गेजचा काटा दाखवतो. कॅन्डल रात्रभर भिजवा, मग पाण्याखाली धरून आत फुंका. बुडबुडा आला तर ती बाद. नळीत भरायचं पाणी उकळून गार केलेलं हवं, नाहीतर त्यात विरघळलेली हवा सुटते आणि काटा खोटं सांगतो. साधारण ८० किलोपास्कल (ओढ मोजायचं, दाबाचं एकक) याच्या पुढे आत हवा शिरते, तिथे हे यंत्र संपतं.

हस्ताच्या पावसानंतर मामांच्या रानात तो रोवला होता. मामांनी वीतभर खालची माती उकरली, मुठीत दाबून गोळा केला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला. गोळा फुटला.

"आला बघ वाफसा. उद्या कुळव घालायचा."

काटा तेव्हा ३० च्या जरा अलीकडे होता. निचरा होऊन मातीत टिकलेल्या पाण्याची मर्यादा पुस्तकांत ३३ किलोपास्कलला धरतात. मामांची मूठ आणि गेज इतके जवळ आलेले पाहून फार बरं वाटलं.

पीक सुकून परत उभं राहत नाही ती मर्यादा १५०० किलोपास्कलची, म्हणजे माझ्या गेजच्या कितीतरी पलीकडची. तिथे वजनच करावं लागतं : ओली माती तोलायची, १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये वाळवायची, परत तोलायची. काळीचं वैशिष्ट्य इथे कळतं. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट चिकणखनिजाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग ७०० चौरस मीटरच्या पुढे जातो. खानापूरच्या तांबड्या जांभ्या मातीत केओलिनाइट हे दुसरं चिकणखनिज जास्त, त्याचा भरतो १०-२०. पाणी चिकटून राहतं ते या पृष्ठभागालाच. म्हणून खानापुरात धो धो पडूनही माळाची माती लवकर सुकते, आणि अथणीकडे पाऊस सरल्यावर पेरलेला शाळू साठल्या ओलीवर कणसाला येतो. पण काळी पाणी धरते तितकं सगळं देत नाही. पीक माना टाकतं तेव्हाही तिच्यात बरंच पाणी अडकून असतं, मुळांना न सुटणारं.

पुढचं काम शाळवातच. एक ओढमापक ३० सेंटिमीटरवर, दुसरा ६० वर. पोटरीच्या वेळी, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, कुठला काटा आधी चढतो ते बघायचंय. भेगा पडायला लागल्या की कॅन्डलभोवतीची माती सुटते, म्हणून दोन्ही भोकांत त्याच काळीचा पातळ गारा ओतून कॅन्डल बसवणार आहे.