आंब्याखालचा लव्हाळा : दुसरा पावसाळा

खड्डा तोच, गच्चीचं पावसाचं पाणी जमिनीत मुरावं म्हणून गेल्या वर्षी खणलेला, लव्हाळा लावलाय तो. कोथरूडमधल्या आमच्या इमारतीच्या मागे, आंब्याखाली, ८ फूट बाय ५ फूट, खोली ८ इंच. गच्चीच्या ३०० चौरस फुटांचं पाणी एका पाइपातून तिथे उतरतं. २५ मिलिमीटर पाऊस झाला की साधारण ७०० लिटर येतं आणि खड्ड्यात साडेसातशे मावतं. हिशेब चोख होता, पण काळ्या मातीला तो कोण सांगणार? गेल्या वर्षी पाणी तिसऱ्या दिवशीही हललं नाही. शेजारच्या काकूंनी डेंगीचा विषय काढला, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. यंदा मेमध्ये तळ आणखी फूटभर खणून मुरूम आणि जाडी वाळू भरली. आता रात्री तुडुंब भरलेला खड्डा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिकामा असतो.

लव्हाळ्याचे गड्डे आत्याच्या भोरकडच्या खाचराच्या बांधावरून आणले. काडी चिमटीत धरून फिरवायची. तीन धारा बोटांना लागल्या तर लव्हाळा, गोल फिरली आणि मध्ये पेर लागलं तर गवत. गोल काडीचेही लव्हाळ्याचे भाऊबंद आहेत, पण पेर त्यांनाही नसतं. एवढं माहीत असून घाईत दोन गड्डे गवताचेच आणले. सगळ्यात जोमात तेच आहेत!

दाट सावलीत उंच लव्हाळा कमरेएवढा झाला आणि आडवा पडला. तुरा एकुलता एक. सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळतं त्या कडेला मात्र तोच ताठ उभा. सावलीत खरा रमला तो किलिंगा नेमोरालिस, लव्हाळ्यांतलाच पांढऱ्या मण्यासारख्या फुलाचा बुटका गडी. नेमोरालिस म्हणजे राईतला, नावातच सांगून ठेवलंय. पाइपाचं पाणी आदळतं तिथली माती त्याच्या आडव्या मुळखोडांनी धरून ठेवली.

एका नर्सरीत 'आपल्याकडचंच' म्हणून अंब्रेला पाम गळ्यात मारत होते. लव्हाळ्याच्याच कुळातला खरा, पण मूळचा आफ्रिकेचा. परत ठेवला.

नागरमोथा, हाही लव्हाळ्याचाच भाऊ, मोकळ्या मातीत लावू नका. उपटला की वरचा शेंडा हातात येतो आणि खालच्या गाठींची माळ तुटून जागोजागी फुटते. मी जुन्या बादलीत लावलाय. परवा एक गाठ नखाने खरवडली, तर थेट दिवाळीच्या पहाटेचा उटण्याचा वास.

पावसाचं निभावतं, जीव जातो तो उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये सगळं खराट्यासारखं झालं. आठवड्याला दोन बादल्या पाणी आणि आंब्याचा पाचोळा, एवढंच केलं. सोसायटीच्या माळीकाकांनी मेलं समजून अर्धा खड्डा खुरप्याने साफ केला. उरलेल्या अर्ध्याला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोपटी कोंब आले. आता काका आधी विचारतात, "हे ठेवायचं का?"

किलिंगा विरळ करायला झालाय. कोणाला हवा असेल तर रविवारी सकाळी या, येताना ओलं गोणपाट आणा.