साडेचारचा रिपोर्ट

आमच्या लॅबमध्ये एका काकूंचा रिपोर्ट: उपाशीपोटी साखर २१२ आणि एचबीए१सी, म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचा टक्का, ४.५. साडेचारला २८.७ ने गुणून ४६.७ वजा केले की सरासरी साखर निघते ८२. नळ्यांची अदलाबदल झाली असणार, असं धरून मी कलेक्शनवाल्या पोराला झापलं. काकूंना पुन्हा बोलावलं. आकडे तेच.

मग जांभळ्या झाकणाची नळी एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्राला, पाठवली. दुपारी आलेख आला. जिथे नेहमीच्या हिमोग्लोबिनचा, ए-झीरोचा, उंच सुळका असतो तिथे सपाट रेघ, आणि पुढे सिकलसेलच्या हिमोग्लोबिनच्या, एसच्या खिडकीत डोंगर! काकू सिकलसेलच्या, एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही एस आलेला. वय ४६, चंद्रपूरकडच्या, हिमोग्लोबिन ८. आणि आजवर कुणी "अशक्तपणा आहे" यापलीकडे काही सांगितलेलं नाही.

ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला, व्हॅलिनवर, एन्झाइमच्या मदतीशिवाय चिकटतं. आधी कच्चा जोड, शिफ बेस, तो सुटूही शकतो. मग अमाडोरी फेरमांडणी होते आणि जोड पक्का. पण याला वेळ लागतो. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते. एसएसमधली त्याच्या पावपटही क्वचितच. साखर चढायच्या आत पेशीच फुटते. आमच्या किटमधल्या अँटिबॉडीला फक्त साखर लागलेलं टोक दिसतं. पेशी किती दिवसांची, हिमोग्लोबिन ए की एस, हे ती विचारत नाही. मशीन खोटं बोललं नाही.

फ्रुक्टोसामाइन लावलं. हाच अमाडोरी जोड, पण मुख्यतः अल्ब्युमिनवरचा, मागच्या दोन-तीन आठवड्यांचा. आमची वरची मर्यादा २८५, काकूंचं ४१२. ही तपासणी डॉक्टर लिहून देत नाहीत, आणि किट पडून राहून एक्स्पायर होतं म्हणून मालक मागवायला कुरकुरतात. त्या दिवशी तीन महिने उरले होते, एवढंच नशीब.

संध्याकाळी जुना रेकॉर्ड उघडला. मागच्या वर्षी एचबीए१सी ४.६. त्याच कागदावर हिमोग्लोबिन ७.९. 'तपासले'समोर माझी सही.

रिपोर्ट न्यायला आल्या तेव्हा काकू म्हणाल्या, "मागच्या बारीला चांगला आला होता न बाप्पा, म्हणून डॉक्टरसायबानं अर्धी गोळी कमी केली. मी पण चहात साखर टाकाले लागली."

मी रिपोर्टवरचा फ्रुक्टोसामाइनचा आकडा पेनाने गोल केला आणि म्हटलं, "हा दाखवा. आधी हाच दाखवा." सहीबद्दल काही बोललो नाही.